न लिहिलेल्या ओळी

जुना सी प्रोग्राम हाती आला की मी तो लगेच कंपाइल करत नाही. आधी नुसता वाचते, वरून खाली, सावकाश. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेल्या त्या ओळींतून माणूस कळत जातो. व्हेरिएबलना नावं देताना तो काटकसरी होता की ऐसपैस, महिरपी कंस कुठे उघडायचा याबद्दल किती काटेकोर होता, मागून येणाऱ्यासाठी टिप्पणी ठेवायचा की स्वतःपुरतं लिहायचा. हे वाचन मला मनापासून आवडतं. असला कोड एका ऑपरेटिंग सिस्टिमवरून दुसरीवर नेणं हा माझा पोटाचा उद्योग, आणि इतकी वर्षं तो केल्यावर एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. प्रोग्राममध्ये जे लिहिलेलं असतं ते बहुतेक सगळं सुखरूप पोचतं. अडतं ते न लिहिलेलं. लिहिणाऱ्याला जे इतकं उघड वाटलं की लिहायची गरजच भासली नाही, ते नव्या यंत्राला ठाऊक नसतं.

ही अडचण जवळजवळ सी भाषेइतकीच जुनी आहे. न्यू जर्सीतल्या मरे हिल इथल्या बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी सी घडवली, तेव्हा त्यांच्यासमोर पीडीपी-११ हे यंत्र होतं. १९७३ मध्ये यूनिक्सचा गाभा सीमध्ये नव्यानं लिहिला गेला. तोवर बहुतेक ऑपरेटिंग सिस्टिम ज्या त्या यंत्राच्या असेंब्ली भाषेत लिहिल्या जात. यंत्र मोडीत निघालं की सिस्टिमही संपायची. सीमुळे आता वाटू लागलं की सिस्टिमसुद्धा यंत्रापेक्षा जास्त जगू शकेल. सीतले प्रोग्राम हनीवेलच्या आणि आयबीएमच्या यंत्रांवर जाऊ लागले, तसं तिथल्या लोकांच्या ध्यानात आलं की भाषा फारशी आडवी येत नाही. आडवे येतात ते त्या त्या ठिकाणच्या ऑपरेटिंग सिस्टिमचे रिवाज. फाइलला नाव कसं द्यायचं, ती उघडायची कशी, ओळ संपली हे ओळखायचं कशावरून.

मग रिची आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांनी जे ठरवलं, त्याचं मला आजही नवल वाटतं. प्रोग्राम परक्या सिस्टिमशी जुळवत बसण्यापेक्षा सिस्टिमच सोबत न्यावी. १९७७ मध्ये त्यांनी इंटरडेटा ८/३२ हे वेगळ्या घडणीचं, ३२ बिटांचं यंत्र मिळवलं आणि यूनिक्स त्यावर न्यायला घेतलं. त्याच वर्षी, त्यांच्यापासून पार दूर ऑस्ट्रेलियात, वोलोंगाँग विद्यापीठात रिचर्ड मिलर हेही यूनिक्स इंटरडेटा ७/३२ वर नेत होते. पृथ्वीच्या दोन टोकांना, एकमेकांच्या मदतीशिवाय, माणसं एकाच ओझ्याखाली वाकली होती.

त्या स्थलांतराची एक खूण संगणकवाल्यांच्या बोलण्यात अजून शिल्लक आहे. पीडीपी-११ दोन बाइटांच्या शब्दात धाकटा बाइट आधी ठेवायचं, इंटरडेटा थोरला आधी. एका यंत्रावरचे बाइट दुसऱ्यानं आपल्या रीतीनं वाचले की जोड्या उलटायच्या आणि यू-एन-आय-एक्स या अक्षरांचं एन-यू-एक्स-आय व्हायचं. बाइटांच्या क्रमाच्या या घोटाळ्याला अजूनही ‘नुक्सी’ म्हणतात. पुढे १ एप्रिल १९८० रोजी डॅनी कोहेन यांनी या वादावर एक टिपण लिहिलं आणि दोन्ही पक्षांना गलिव्हरच्या गोष्टीतल्या, अंडं कुठल्या टोकानं फोडावं यावरून लढणाऱ्या पंथांची नावं दिली. ती नावं कायमची चिकटली. थोरला आधी की धाकटा आधी, दोन्ही रीती चालतात. मात्र आपली रीत कोणती, हे फाइलमध्ये कुणी लिहून ठेवत नाही. ज्याच्या भोवती सगळे एकाच रीतीचे असतात त्याला रीत दिसतच नाही.

पूर्णांकाचंही तसंच. सीतला ‘इंट’ मला आजीच्या पाककृतींच्या वहीतल्या वाटीची आठवण करून देतो. ‘दोन वाट्या रवा’ लिहिताना तिच्या डोळ्यांपुढे तिच्याच फळीवरची एक ठरावीक वाटी होती. वही दुसऱ्या घरात गेली की वाटी बदलते आणि शिरा बिघडतो. सीचं मानक एवढंच सांगतं की इंट निदान १६ बिटांचा असावा. पुढचं ज्याच्या त्याच्या यंत्रानं ठरवायचं. यामागे हयगय नव्हती, औदार्य होतं. प्रत्येक यंत्राला आपल्या नैसर्गिक मापात, आपल्या वेगानं काम करू द्यावं, असा तो विचार होता. त्याची किंमत मात्र पुढच्यांनी मोजली. डॉसवरच्या टर्बो सीत इंट ३२,७६७ वर संपायचा. त्यात एक मिळवला की आकडा गर्रकन उणे ३२,७६८ वर जायचा. आजही एकाच लॅपटॉपवर, एकाच प्रोसेसरवर, ६४ बिटांच्या लिनक्समध्ये ‘लाँग’ ८ बाइटांचा असतो आणि ६४ बिटांच्या विंडोजमध्ये ४ बाइटांचा. यंत्र तेच, सिस्टिम बदलली की माप बदलतं. १९९९च्या मानकानं अखेर नेमक्या मापांचे पूर्णांक दिले, १६ बिटांचा, ३२ बिटांचा, नाव वाचताच माप कळावं असे. तोवर जगभरात अमाप कोड ‘वाटी’त लिहून झाला होता.

मध्यंतरी माझ्याकडे एका छोट्या ग्रंथालयाच्या सूचीचा प्रोग्राम आला. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीचा, बोरलँडच्या टर्बो सीत लिहिलेला. त्या काळी डॉसवर मराठी आणायची एक वाट म्हणजे संगणकात पुण्याच्या सीडॅकचं जिस्ट कार्ड बसवायचं आणि मजकूर इस्की संकेतात साठवायचा. १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून पक्क्या झालेल्या इस्कीत देवनागरीच्या एकेका खुणेला एकेक बाइट मिळतो. क म्हणजे १७९, म म्हणजे २०४, काना म्हणजे २१८. प्रोग्राम लिहिणारे गृहस्थ आता हयात नाहीत. डॉसबॉक्ससारखा नकली डॉस उभा करून जुना प्रोग्राम जसाच्या तसा चालवता येतो, अनेकदा तेच शहाणपणाचं असतं. इथे मात्र जिस्ट कार्डाशिवाय पडद्यावर मराठी उमटणार नव्हती. सूची लिनक्सवर आणून युनिकोडमध्ये दाखवणं भाग होतं.

प्रत्येक पुस्तकाची नोंद म्हणजे एक स्ट्रक्चर. नावासाठी ४१ बाइट, प्रकाशनवर्षासाठी एक इंट. टर्बो सीत इंट २ बाइटांचा आणि मध्ये मोकळी जागा न सोडण्याची रीत, म्हणून नोंद ४३ बाइटांची. ती मेमरीत जशी होती तशीच उचलून फाइलमध्ये ठेवलेली. लिनक्सवरचा जीसीसी हा कंपाइलर इंट ४ बाइटांचा धरतो, शिवाय तो चारच्या पटीतल्या जागी बसावा म्हणून आधी ३ बाइट रिकामे सोडतो. त्याच्या लेखी तीच नोंद ४८ बाइटांची. एकेका पुस्तकामागे पाच बाइटांचा फरक.

कंपाइलरनं हूं की चूं केलं नाही, आणि पडद्यावर यादी उमटली. पहिल्या पुस्तकाचं नाव अगदी बरोबर, पण प्रकाशनवर्ष उणे ८५ कोटींच्या घरात. दुसरं पुस्तक ‘श्यामची आई’. त्याच्या जागी नुसतंच ‘ची आई’. तिसरं ‘माणदेशी माणसं’, त्यातलं उरलेलं ‘णसं’. दुसऱ्या नावातून पाच खुणा गळाल्या, तिसऱ्यातून दहा, आणि पुढे पुढे तर नावाच्या जागी वर्ष, वर्षाच्या जागी नाव. ते ८५ कोटींचं वर्षही आकाशातून पडलं नव्हतं. ‘श्याम’मधल्या हलन्तापासून म पर्यंतचे चार बाइट प्रोग्रामनं वर्ष म्हणून वाचले होते. मी त्या आकड्याकडे बराच वेळ पाहत राहिले. साने गुरुजींच्या श्यामचा एक तुकडा पूर्णांक होऊन माझ्यापुढे उभा होता. फाइलमधला एकही बाइट हरवला नव्हता. हरवली होती ती एक ओळ, जी कधी लिहिलीच गेली नव्हती: ‘नोंद ४३ बाइटांची, वर्ष २ बाइटांचं, धाकटा बाइट आधी.’

नोंदी सरळ झाल्यावर सूची इंटेलच्या लॅपटॉपवर सुरेख चालू लागली. ग्रंथालयाला ती रास्पबेरी पायच्या छोट्या, स्वस्त पाटीवर हवी होती. तिथे नेल्यावर पुस्तकांचा अकारविल्हे क्रम पार विस्कटला. हा क्रम लावणारा भाग त्या प्रोग्राममधला सगळ्यांत देखणा भाग होता. इस्कीत ळ हे अक्षर ल च्या लगेच पुढे येतं. युनिकोडमध्येही तसंच. आपली वर्णमाला मात्र ळ ला ह च्या नंतर बसवते. म्हणून त्या गृहस्थांनी २५६ घरांचा एक तक्ता हातानं मांडला होता. कुठल्या खुणेनं कितव्या क्रमांकावर उभं राहायचं, ते त्यात एकेक करून ठरवलेलं. तक्त्याच्या वर रोमन लिपीत पण मराठी भाषेत दोन शब्दांची टिप्पणी होती: ‘ळ शेवटी’.

तक्त्यात घर शोधताना अक्षराच्या आकड्यात १२८ मिळवलेले होते. का, ते कुठेही लिहिलं नव्हतं. उलगडा असा झाला. टर्बो सीत कॅरेक्टरला उणे-अधिक चिन्ह असतं. त्याची धाव उणे १२८ पासून १२७ पर्यंत. क चा १७९ हा आकडा त्यात मावत नाही, तो उणे ७७ म्हणून वाचला जातो. त्यात १२८ मिळवले की ५१ वं घर मिळतं, आणि सगळं जागच्या जागी बसतं. इंटेलच्या लिनक्सवरही कॅरेक्टर चिन्हासहित असतो, म्हणून लॅपटॉपवर काही बिघडलं नाही. रास्पबेरी पायमधल्या एआरएम प्रोसेसरवरच्या लिनक्समध्ये मात्र तो बिनचिन्हाचा. तिथे क चा आकडा १७९ च राहतो, त्यात १२८ मिळवले की ३०७, आणि तक्त्याची घरं २५६. प्रोग्राम थांबला नाही. तक्त्याच्या पलीकडे मेमरीत जे काही पडलं होतं, ते क्रमांक समजून उचलत राहिला. सीचं मानक हा निर्णय कंपाइलर बनवणाऱ्यावर सोडतं आणि त्यानं तो नमूद करावा एवढीच अट घालतं. त्यामुळे एआरएमच्याच घराण्यातला प्रोसेसर असलेल्या ॲपलच्या मॅकवर कॅरेक्टर पुन्हा चिन्हासहित होतो. दोष यंत्रावरही पूर्ण ढकलता येत नाही. सिस्टिमगणिक रीत बदलते.

त्या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या की माझ्या मनात त्या अनोळखी माणसाबद्दल माया दाटून येते. ‘ळ शेवटी’ हे त्यांनी लिहून ठेवलं, कारण यंत्राला मराठी येत नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. मराठीची बाजू त्यांनी मांडली, जपली, टिप्पणीसकट पुढे दिली. १२८ चं कारण लिहिलं नाही, कारण त्यांच्या जगात दुसऱ्या प्रकारचा कॅरेक्टर नव्हताच. त्यांच्या टेबलावर एक पीसी होता, एक डॉस, एक टर्बो सी. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ वाचत महाराष्ट्रातल्या कॉलेजांत ज्या पिढ्या प्रोग्रामिंग शिकल्या, त्यांतल्या कित्येकांचंही जग तेवढंच होतं. स्क्रीन पुसायची एक ठरलेली आज्ञा, कळ दाबेपर्यंत थांबायची दुसरी. दोन्ही ‘कोनिओ’ या हेडर फाइलमध्ये, आणि ती फाइल सीच्या मानकात नाही हे कुणाच्या गावीही नसायचं. आपल्या अंगणालाच पृथ्वी समजणं हा माणसाचा स्वभाव आहे. बेल लॅब्जमधल्यांचाही तोच होता. पीडीपी-११वर पॉइंटर, म्हणजे मेमरीतले पत्ते, आणि पूर्णांक एकाच मापाचे, म्हणून तेही एकाच्या जागी दुसरा सर्रास वापरत. अशी उसनवारी उघडी पाडायला जॉन्सन यांना ‘लिंट’ नावाचा वेगळा तपासनीस प्रोग्राम लिहावा लागला.

अशी न बोललेली गृहीतकं प्रत्येक सिस्टिमच्या भिंतींत मुरलेली असतात. डॉस आणि विंडोज ओळ संपवायला दोन चिन्हं वापरतात, यूनिक्स एक, आणि जुना मॅक त्या दोघांतलं दुसरंच एक. डॉसवर मजकुराच्या फाइलमध्ये २६ हा आकडा आला की फाइल संपली असं मानायचं. चित्राच्या फाइलमध्ये तोच आकडा सहज मध्येच येतो आणि ती मजकूर म्हणून उघडली तर चित्र अर्धंच वाचलं जातं. लिनक्स फाइलच्या नावातलं लहान आणि मोठं रोमन अक्षर वेगळं मानतो, विंडोज सहसा मानत नाही. व्हॅक्स यंत्रावरच्या यूनिक्समध्ये शून्य पत्ता वाचता यायचा आणि तिथे शून्यच असायचं, म्हणून रिकामा पॉइंटर रिकाम्या नावासारखा खपून जायचा. तोच प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावर पहिल्याच पावलाला कोसळायचा.

मग ज्यांचा कोड सगळीकडे जातो, ते वेगळं काय करतात? १९९३ साली आलेला डूम हा खेळ डॉसवर चालायचा, पण तो लिहिला गेला नेक्स्ट कंपनीच्या यंत्रांवर, म्हणजे वेगळ्या सिस्टिमवर आणि बाइट उलट्या क्रमानं ठेवणाऱ्या प्रोसेसरवर. लिहिणाऱ्यांच्या रोजच्या कामातच दोन जगं होती. त्यामुळे पडदा, आवाज, घड्याळ असं सिस्टिमशी बोलणारं सगळं त्यांनी ‘आय’ या अक्षरानं सुरू होणाऱ्या मोजक्या फाइलींत वेगळं ठेवलं, आणि डेटा वाचताना बाइटांचा क्रम जुळवण्याची सोय आधीच करून ठेवली. डिसेंबर १९९७ मध्ये त्याचा कोड खुला झाला तो लिनक्सवरचा. डॉसवरची आवाजाची लायब्ररी दुसऱ्याच्या मालकीची असल्यानं ती देता आली नव्हती. तरी लोकांनी तेवढ्या ‘आय’च्या फाइली नव्यानं लिहिल्या आणि तो खेळ त्यानंतर इतक्या यंत्रांवर गेला की त्यांची मोजदाद करणं अवघड आहे. परक्याशी बोलायची जागा एकच ठेवली आणि ती दाराशी ठेवली, तर घरातलं काही हलवावं लागत नाही.

दुसरं उदाहरण मला अधिक जवळचं आहे. ऑक ही छोटी भाषा १९७७ मध्ये बेल लॅब्जमध्ये जन्मली. तिच्या तीन जनकांपैकी ब्रायन कर्निघन यांनी २०२२ मध्ये, वयाच्या ८०व्या वर्षी, त्या सीतल्या मूळ प्रोग्रामला युनिकोडचा मजकूर समजून घ्यायला शिकवलं. तोवर त्या ऑकला ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारली की उत्तर यायचं १५, कारण युनिकोडच्या यूटीएफ-८ या मांडणीत देवनागरीची एकेक खूण तीन बाइट घेते आणि तो मोजायचा बाइट. आता उत्तर येतं ५. तुम्ही-आम्ही मोजली तर अक्षरं तीनच भरतात, म्हणजे वाट अजून संपलेली नाही. पण जगातली सगळी अक्षरं एका बाइटात मावतात, हे तरुणपणी धरलेलं गृहीतक एका माणसानं ऐंशीव्या वर्षी स्वतःच्या हातानं सोडून दिलं. या उद्योगातली याहून मोठी सभ्यता मला माहीत नाही.

आणि आपली गृहीतकं? सेकंद मोजण्यासाठी ३२ बिटांचा चिन्हासहित पूर्णांक वापरणारा प्रोग्राम १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झाल्यावर, पुढच्याच क्षणी १९०१च्या डिसेंबरात जाऊन पोचेल. नव्या सिस्टिमनी ६४ बिट घेतले आहेत, तरी जुन्या फाइलींच्या नोंदींत ते चार बाइट अजून जागा धरून आहेत. ज्यांनी ते लिहिले त्यांना आपला कोड २०३८ पर्यंत टिकेल असं वाटलं नव्हतं. त्यांनी स्वतःच्या कामाचं आयुष्य कमी लेखलं. आपण सगळेच तसं करतो.

म्हणून हे वाचणाऱ्यांना माझी मनापासून विनंती आहे. तुमच्या शाळेच्या कपाटात, गावच्या ग्रंथालयात, एखाद्या पतपेढीच्या दप्तरात त्या वर्षांतल्या फ्लॉप्या असतील, त्यांत कुणीतरी निगुतीनं लिहिलेला मराठी कोड आणि इस्कीतला मजकूर असेल. फ्लॉपीवरचं चुंबकीय लेखन काळानुसार विरत जातं. ते यंदाच उतरवून घ्या. सोर्स आणि डेटा एकत्र ठेवा, एकावाचून दुसरं मुकं असतं. लिहिणारी व्यक्ती हयात असेल तर तिच्याजवळ बसा आणि विचारा की तुम्ही काय धरून चालला होतात. नवा कोड लिहीत असाल तर तो निदान एका वेगळ्या सिस्टिमवर कंपाइल करून बघा. तुम्हाला न दिसणारं दुसऱ्या यंत्राला दिसेल. आणि फाइलच्या माथ्यावर चार ओळी लिहा: यंत्र कोणतं, सिस्टिम कोणती, कंपाइलर कोणता, मजकूर कुठल्या संकेतात आणि नोंद किती बाइटांची. त्या ज्याला लागणार आहेत तो कदाचित अजून जन्मालाही आलेला नाही. त्याच्यासाठी लिहा.